सिकलसेलचे संशोधन पुढे गेले, आपण कुठे आहोत?

काही वर्षांपूर्वीची ६ डिसेंबरची गोष्ट. महापरिनिर्वाण दिनानिमित्त आम्ही काही कार्यकर्त्यांनी दादरला शिवाजी पार्कजवळ मदतीचे एक टेबल लावले होते. पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटे, डोकेदुखीच्या गोळ्या आणि हरवलेल्यांची नोंदवही, एवढाच आमचा पसारा. पहाटेच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एक माउली वीस-बावीस वर्षांच्या मुलाला धरून टेबलापाशी आल्या. मुलगा कंबर आणि मांड्या धरून अक्षरशः विव्हळत होता. "ताई, पोराले लहानपणापासून असंच होते. गावात वात हाय म्हणते," त्या म्हणाल्या.

रात्रभर जनरल डब्यात उभे राहून प्रवास झालेला. गर्दीत संडासापर्यंत जाता येत नाही म्हणून मुलाने पाणीही प्यायले नव्हते. त्यात झोप नाही आणि अंगावर पांघरूण नाही. आम्ही त्याला एका रुग्णालयात नेले. तिथे आधी 'थकवा आहे, घरी न्या' असे ऐकायला मिळाले. ड्युटीवरचा एक शिकाऊ डॉक्टर मात्र विदर्भातला होता. त्याने एकच प्रश्न विचारला : "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" माउलींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक कार्ड काढले. त्यावर 'एसएस' असे लिहिले होते. शाळेत असताना तपासणी झाली होती आणि कार्डही मिळाले होते. मात्र पुढे काय करायचे ते कोणी नीट समजावून सांगितले नव्हते, आणि यांनीही कोणाला विचारले नव्हते.

सलाईन आणि वेदनाशामक औषधांनी दुपारपर्यंत मुलगा सावरला. निघताना माउलींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "कोनाले सांगू नका जी. पोरीचं लग्न जमून राह्यलं."

हा लेख त्या कार्डाबद्दल आणि त्या वाक्याबद्दल आहे. एकीकडे जगात सिकलसेलवर जनुक दुरुस्त करणारा उपचार आला आहे. दुसरीकडे आपल्याच समाजातला एक तरुण खिशात निदानाचे कार्ड घेऊन, औषधाशिवाय, वर्षानुवर्षे वेदना सोसत राहतो. ही दरी कशामुळे पडली आणि ती बुजवण्यात आपला वाटा काय, हे समजून घ्यायचे तर आधी आजार समजून घ्यावा लागेल.

आजार नेमका काय आहे?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोहोचवते. निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ आणि लवचिक असते, त्यामुळे केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती सहज निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडण थोडी वेगळी असते. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे असह्य वेदना सुरू होतात. वैद्यकीय भाषेत याला 'क्रायसिस' म्हणतात. थंडी, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, जागरण यांपैकी काहीही निमित्त पुरते. त्या मुलाच्या रेल्वे प्रवासात ही सगळी निमित्ते एकत्र आली होती.

निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी असते आणि डोळे पिवळे दिसतात. रोगजंतूंशी लढणारी प्लीहा हळूहळू निकामी होते, त्यामुळे लहान मुलांना न्यूमोनियासारखे संसर्ग जिवावर बेततात. पुढे मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंड, खुब्याचे हाड यांनाही इजा होऊ शकते.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवायला हवा. प्रत्येकाला हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही सामान्य असतील तर 'एए'. एक सामान्य आणि एक सिकलसेलचा असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलसेलचे असतील तर 'एसएस', म्हणजे ग्रस्त. वाहक हा रुग्ण नसतो. तो शिकतो, खेळतो, नोकरी करतो, पूर्ण आयुष्य जगतो. बहुतेक वाहकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही.

शिकागोपासून नागपूरपर्यंत

आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली नोंद १९१० सालची आहे. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कृष्णवर्णीय विद्यार्थी आजारी पडला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार रेणूच्या पातळीवर उलगडण्याची ती सुरुवात होती. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकातल्या एका अक्षराचा फरक, एवढेच या आजाराचे मूळ.

मग हा जनुक टिकला कसा? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून उत्तर दिले. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे वाहक जास्त जगले आणि जनुक पुढे जात राहिला. जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांना हा आजार का, याचे उत्तर इतके भौतिक आहे. त्यात कोणाचे पूर्वजन्मीचे पाप नाही, कोणाचा कोप नाही. कारण असेल तर परिणाम असतो आणि कारण कळले की उपायाची वाट दिसते, हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. तरीही आपल्याच वस्त्यांत या दुखण्यासाठी अंगारे-धुपारे चालतात, हे कटू सत्य आहे.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल जनुक आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातल्या पाहणीचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला आणि तत्कालीन महार समाजात हा जनुक असल्याचे जगापुढे आले. त्याच्या दोनच वर्षे आधी याच नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. आज विदर्भात बौद्ध समाज, गोंड, माडिया, कोरकू, तसेच इतर मागासवर्गीय समाजांत, नंदुरबारकडे भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार आढळतो. म्हणजे हा कोणा एका जातीचा आजार नाही.

पण जातीचा संबंध अजिबात नाही असेही म्हणता येणार नाही. जनुक मलेरियामुळे टिकला, पण तो त्याच त्या समूहांत फिरत राहिला याला जातीतल्या जातीत होणारे विवाह कारणीभूत आहेत. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी हेच बोट ठेवून सांगितले होते की अंतर्विवाह हेच जातीचे सार आहे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तो निबंध अभ्यासला. त्या विवाहाच्या भिंतीचा परिणाम रक्ताच्या अहवालातही दिसतो, हे मला कार्यकर्ती झाल्यावर कळले.

परळमधली प्रयोगशाळा

मुंबईतल्या आपल्या तरुणांना 'सिकलसेल म्हणजे विदर्भाचा आजार' असे वाटते. पण देशातल्या सिकलसेल संशोधनाचे एक महत्त्वाचे केंद्र परळमध्ये, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था तिथे काम करते. १९५७ मध्ये रक्तगटांच्या संदर्भ केंद्राच्या रूपाने तिची सुरुवात झाली. जगाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा दुर्मीळ रक्तगट ठाऊक झाला तोही १९५२ मध्ये याच परिसरातल्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून. ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि ज्या परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालले, त्याच परळमध्ये आपल्या रक्ताचा हा अभ्यास चालू आहे.

या संस्थेने थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे गर्भावस्थेतील निदान, वेगवेगळ्या समाजांतील जनुकांचे प्रकार, नवजात बाळांची तपासणी यांवर अनेक वर्षे काम केले आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्टी-चाचण्या भारतीय परिस्थितीत किती अचूक ठरतात, याची पडताळणीही केली आहे. चंद्रपूरला संस्थेचे स्वतंत्र केंद्र आहे. त्या माउलींच्याच जिल्ह्यात!

भारतीय संशोधनाने एक मोठा गैरसमजही दूर केला. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणारा जनुक 'अरब-भारतीय' प्रकारचा आहे. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकते, म्हणून भारतातला आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असे बरीच वर्षे मानले जाई. दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात तो पुष्कळांमध्ये सौम्य दिसतोही. पण नागपूर भागात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या बालकांपैकी अनेकांमध्ये लहान वयातच तीव्र लक्षणे आढळली. 'आपला सिकलसेल सौम्य असतो' असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका.

औषधे : जुनी, नवी आणि मागे घेतलेली

आता उपचारांकडे येऊ. बातम्यांत जनुकउपचाराचे मथळे झळकतात, पण जीव वाचवणाऱ्या गोष्टींची सुरुवात साध्या औषधांपासून होते.

१९८६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत दिसून आले की सिकलसेलग्रस्त बालकांना रोज पेनिसिलिन दिले तर गंभीर संसर्ग ८० टक्क्यांहून अधिक घटतात. सोबत न्यूमोकोकल लस दिली तर संरक्षण वाढते आणि ही लस आता आपल्या सरकारी लसीकरणात आहे. पण हे करायचे तर बाळ ग्रस्त आहे हे जन्मानंतर लगेच कळायला हवे. म्हणून नवजात तपासणी महत्त्वाची.

दुसरे औषध हायड्रॉक्सियुरिया. ते मूळचे कर्करोगात वापरले जाणारे जुने औषध आहे. आईच्या पोटात बाळाकडे वेगळे, गर्भीय हिमोग्लोबिन असते आणि त्याच्या पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. म्हणूनच ग्रस्त बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत वेदनेचे झटके ४० टक्क्यांहून अधिक कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना हे औषध कमी, ठरावीक मात्रेत देऊन पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झटके आणि रक्त चढवण्याची गरज खूप घटली. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतील ६०० हून अधिक मुलांच्या अभ्यासात मृत्यूही कमी झाल्याचे दिसले. गरीब देशांत, साध्या दवाखान्यांत हे औषध चालते याचा तो पुरावा होता.

ही गोळी महागडी नाही. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते आणि मूल होऊ द्यायचे असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. त्या मुलाच्या हातात कार्ड होते, पण ही गोळी त्याने कधीच पाहिली नव्हती.

मधल्या काळात नवी औषधेही आली. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हॉक्सेलोटर आणि क्रिझानलिझुमॅब यांना मान्यता मिळाली आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे २०२३ मध्ये युरोपने क्रिझानलिझुमॅबची मान्यता काढून घेतली, कारण मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने व्हॉक्सेलोटर जगभरातून मागे घेतले, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त असल्याचे संकेत मिळाले होते. विज्ञान असेच चालते. स्वतःची चूक तपासते आणि सुधारते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'सिकलसेल मुळापासून बरा' अशी जडीबुटीची जाहिरात आली तर विचारा : चाचणी कोणी केली, किती रुग्णांवर केली, निकाल कुठे छापला?

जनुक दुरुस्त करण्याचा उपचार

आजार मुळातून दूर करणारा जुना मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. रक्त तयार करणारी मज्जाच बदलायची. पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि ते भावंड स्वतः ग्रस्त नसावे लागते.

यापुढचे पाऊल म्हणजे क्रिस्पर. याला जनुकाची कात्री म्हणता येईल. २००८ च्या सुमारास संशोधकांना कळले की 'बीसीएल११ए' नावाचा जनुक जन्मानंतर गर्भीय हिमोग्लोबिनचे बटण बंद करतो. मग विचार पुढे आला की रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये हा जनुकच निष्प्रभ केला, तर बटण पुन्हा चालू होईल. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत हा बदल करायचा आणि परत शरीरात सोडायच्या. दाता शोधण्याची गरजच नाही. 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले.

यश मोठे आहे, पण वाट सोपी नाही. दुरुस्त पेशी सोडण्याआधी जुनी मज्जा रिकामी करायला तीव्र केमोथेरपी द्यावी लागते. रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात आणि वंध्यत्वाचा धोका असतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. रुपयांत ती १८ कोटींच्या वर जाते. जगातले बहुसंख्य सिकलसेलग्रस्त आफ्रिकेत आणि भारतात आहेत. ज्यांना आजार त्यांच्यापासून उपचार सर्वांत दूर, असे हे चित्र आहे.

म्हणूनच देशी संशोधनाकडे आशेने पाहायला हवे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर आधारित सिकलसेल उपचार 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. नाव भगवान बिरसा मुंडा यांचे आहे. सामान्य रुग्णापर्यंत पोहोचायला त्याला अजून वेळ लागेल. पण तो आल्यावर कोणाला आधी मिळणार आणि किती खर्चात, हा प्रश्न आत्तापासून विचारत राहणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

लग्न, चाचणी आणि मौन

आता त्या माउलींच्या वाक्याकडे वळू. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण सामान्य असण्याची २५ टक्के असते. 'पहिले मूल ग्रस्त झाले, आता पुढची तीन चांगली होतील' हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसरा सामान्य, तर मूल ग्रस्त होत नाही. म्हणजे वाहक असणे ही लग्नातली अडचण नाही. दोघांचे अहवाल आधी माहीत नसणे, ही अडचण आहे.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. आपल्या चाळींतले बहुतेक जुने बौद्ध कुटुंब कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले. पण आता रत्नागिरीच्या मुलीचे लग्न नागपूरच्या मुलाशी होते, आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाहही होतात. ही आनंदाची गोष्ट आहे. अशा विवाहांत दोघांकडे सिकलसेलचाच जनुक असण्याची शक्यता सहसा कमी होते. मात्र बीटा थॅलेसेमियाचा वाहक असलेला जोडीदार आणि सिकलसेल वाहक यांच्या मुलालाही सिकलसेलचाच दुसरा, कधी तितकाच तीव्र प्रकार होऊ शकतो. मुंबईत सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा अनेक समाजांत थॅलेसेमियाचे वाहक आहेत.

शिबिरात केली जाणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी थॅलेसेमिया दाखवत नाही, शिवाय वाहक आणि ग्रस्त यांत फरकही करत नाही. म्हणून लग्नाआधी दोघांनी एचपीएलसी ही तपासणी करून घ्यावी. रक्ताचा एक नमुना पुरतो आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. लग्न झाले असेल आणि दोघे वाहक निघाले, तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत गर्भाचे निदान करण्याची सोय आहे. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, विशेषतः त्या स्त्रीचा. त्यात सासर, विहार किंवा समाज यांनी बोलण्याचे काही कारण नाही.

पँथरकडून घ्यायचा धडा

हे काम समाजाने स्वतः उभे केल्याचे मोठे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. १९७१ पासून अमेरिकेत ब्लॅक पँथर पार्टीने कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलच्या मोफत चाचण्या सुरू केल्या. सरकार या आजाराकडे दुर्लक्ष करते कारण रुग्ण काळे आहेत, असा त्यांचा थेट आरोप होता. १९७२ मध्ये अमेरिकेला सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा करावा लागला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली, त्याच पँथरचे नाव घेऊन. आपण त्यांची आक्रमकता घेतली, वस्तीतले दवाखाने मात्र फारसे घेतले नाहीत.

पण त्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या काही राज्यांनी चाचणी सक्तीची केली आणि वाहक व रुग्ण यांतला फरक कोणी समजावला नाही. वाहक असल्यामुळे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. समुपदेशनाशिवाय केलेली चाचणी नवी अस्पृश्यता निर्माण करू शकते, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला कळणार?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ६ कोटी तपासण्या झाल्या, २ लाखांहून अधिक ग्रस्त आणि १६ लाखांहून अधिक वाहक सापडले. काम मोठे आहे. पण मोहिमेचा भर आदिवासीबहुल जिल्ह्यांवर आहे. विदर्भातून मुंबईत मजुरीला किंवा शिक्षणाला आलेला बौद्ध तरुण त्या जाळ्यातून सहज निसटतो. शिवाय कार्ड दिल्यावर पुढे गोळी, पाठपुरावा आणि समुपदेशन मिळते का, हा प्रश्न उरतोच. २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन व्हावे, जरूर व्हावे. पण जे आज या आजारासह जगत आहेत, त्यांना आपण नकोसे आहोत असे कधीही वाटता कामा नये.

आपल्यातून उभे राहिलेले कामही आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेच काम मुंबईत नेण्याची वेळ आली आहे.

हक्क माहीत हवेत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. पण सरकारी नोकरीतील ४ टक्के दिव्यांग आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. शिक्षणात दार उघडे आणि नोकरीत बंद, ही विसंगती आहे आणि तिच्यावर संघटितपणे बोलायला हवे. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे आणि एसटी यांच्या सवलती आहेत, परीक्षेत जादा वेळेची तरतूद आहे. अर्ज करायला मदत करणारा कोणी नसल्यामुळे हे लाभ अनेकांपर्यंत पोहोचत नाहीत.

आपण काय करू शकतो?

- वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये रक्ताचा अहवाल मागू नका. तो अहवाल खासगी आहे. त्याऐवजी मेळाव्यात समुपदेशकाचे टेबल लावा आणि लग्न ठरवणाऱ्या दोघांनी एचपीएलसी करावी असे सांगा.
- विहारातील कार्यक्रमात वर्षातून एकदा, १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या आसपास, डॉक्टरांना बोलवा. शिबिर घ्याल तर निकाल बंद पाकिटात द्या आणि समजावून सांगणारा माणूस ठेवा.
- कोणाकडे 'एसएस' कार्ड असेल तर पहिला प्रश्न विचारा : हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांशी बोललात का? लसी झाल्या का?
- ग्रस्त व्यक्तीला ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पोट फुगणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काही झाले तर घरी थांबू नका. रुग्णालयात पोहोचताच 'सिकलसेल आहे' हे आधी सांगा आणि कार्ड दाखवा.
- ६ डिसेंबर आणि १४ ऑक्टोबरच्या गर्दीत मदतीची टेबले लावणाऱ्यांनी भरपूर पाणी, काही चादरी आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता जवळ ठेवावा.
- नियमित रक्तदान करा. अनेक रुग्णांना वारंवार रक्त लागते.

त्या मुलाची पुढची हकिकत सांगते. गावी परतल्यावर त्याने डॉक्टरांना गाठले. आज तो गोळी घेतो, दर काही महिन्यांनी रक्त तपासतो आणि पाण्याची बाटली सोबत ठेवतो. झटके पूर्ण गेलेले नाहीत, पण त्याचे कामावरचे खाडे कमी झाले आहेत. काही महिन्यांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याची बहीण बोलत होती. "ताई, ती एचपीएलसी की काय, कुठे करतात? आम्हा दोघांची करायची आहे. मीच त्यांना सांगितलं." आईने जे लपवायला सांगितले होते, ते मुलीने स्वतःहून होणाऱ्या नवऱ्याला सांगितले होते. त्यांच्या अहवालात काय निघाले ते मी विचारले नाही, तो त्यांचा प्रश्न. लग्नाची पत्रिका मात्र मला आली.

प्रयोगशाळेतली कात्री आपल्या हातात नाही. हे मौन कापणे मात्र आपल्या हातात आहे.

जय भीम!